माझ्या हृदयाचा झाडू

माझ्या हृदयात स्प्रिंग बसवली, तवापासून आमच्या घरची फरशी चकाचक आहे.

झालं असं, का महिनाभरानं यवतमाळले व्यायाम ठरवून घ्यायले गेलतो. दिग्रसले साळीच्या पोराचं लग्न तोंडावर होतं, आन् मी नाचल्याबिगर आमच्या खानदानात वरात पुढं सरकत नाही (असा माझा समज!). डॉक्टर म्हणाले, "आधी दम किती आहे ते पाहू. मंग नाचाचं."

दम पाहणारी पोरगी कागद घेऊन बसली. आधी प्रश्न इचारून अंदाज काढतात म्हणे.

"काका, घरी झाडू मारता?"

माझा जनम गेला तालुक्याच्या कचेरीत, खुर्चीवर. झाडू घरात कुठं ठेवतात, हे मले काय ठाऊक! पण "नाही" म्हटलं, का नाच गेला.

"रोज!" मी म्हणलं.

बाजूले बसलेल्या बायकोनं, शोभानं, मान वळवली.

"पोछा?"

"दोनदा!"

"पाण्याच्या बादल्या?"

"चार! एका खेपेत!"

वाटलं, शोभा आता बिंग फोडते. पण बाई गालात हसून राह्यली. तीस वर्षांत ती इतकी गप कधीच बसली नव्हती. तिथंच मी सावध व्हायले पाहिजे होतं.

पोरीनं मले थोडं चालवून पाहिलं. "झकास, काका! वेगळा व्यायाम कायले? झाडू-पोछा असाच चालू ठेवा. रोज जमला, तर लग्नात दोन ठुमके मारा."

"ताई," शोभा म्हणाली, "हे लिहून द्या न. शिक्क्यासकट."

दुसऱ्या दिवशी कागद फ्रिजवर, आन् शोभा उशाशी. "अवो, उठा. औषध!" पाहतो तं तिच्या हातात झाडू!

अर्ध्या खोलीत कंबर धरली. "शोभा, मी खोटं बोललो वो!"

"मंग सांगू डॉक्टरले? नाच बंद करते ते."

मी मुकाट्यानं दुसरी खोली घेतली.

लग्नाच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं दिग्रस गाठलं. बँड वाजला, मी रुमाल काढला, तोच साळी समोर!

"भाऊजी, आजचा डोस राह्यला म्हणे तुमचा? शोभाताईनं कागदाचा फोटो दाखवला न!" आन् फटाक्याच्या कचऱ्यानं भरलेलं अख्खं अंगण माझ्या हवाली केलं.

लग्नाच्या व्हिडिओत सारे नाचून राह्यले. मीही आहो त्यात, मागं, एकटा, झाडूसंगं. पाहणारे म्हणतात, ताल मात्र सोडला नाही बुढ्यानं!