खिळ्याची जागा
लाकडाच्या पॉलिशचा वास आला की नव्वदच्या दशकातलं बहरीन आठवतं. तिथं सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमची रविवारची उपासनाही शुक्रवारीच व्हायची. एका गुरुवारी रत्नागिरीचे मिस्त्रीचाचा चर्चचं जुनं दार घासत होते. खाऱ्या वाऱ्यात भुसा सोन्यासारखा तरंगत होता. मी त्यांना जर्मनीतल्या एका मठवाशाची गोष्ट सांगितली. त्यानं धर्मगुरूंना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून चर्चच्या दारावर खिळ्यानं ठोकले, आणि त्यातून आमचा पंथ निघाला. संध्याकाळी पाहिलं, तर दारावरची जुन्या खिळ्यांची सगळी भोकं पुट्टीनं बुजवलेली, एकच उघडं. “चाचा, गोष्टीतलं ते दार जर्मनीतलं,” मी म्हटलं. “असू दे बाय. कुणाला काय विचारायचं असलं, तर खिळ्याला जागा नको?” पुढं कितीतरी शुक्रवार मी त्या दारातून गेले. विचारायचं पुष्कळ होतं. भोक रिकामंच राहिलं.