चौकटीचं सागवान

घरातलं माणूस गेलं की पहिलं वर्षभर लोक हळू आवाजात त्याचे गुण सांगतात. दुसऱ्या वर्षी चहा पिता पिता त्याच्या खोड्या निघायला लागतात. माझ्या यजमानांच्या, म्हणजे ह्यांच्या, खोड्यांचा ढीग जमला तो मी घरच्या चौकटी खरवडायला काढल्यापासून.

गोंदियाजवळच्या गोरेगावातल्या आमच्या घराला चार दारं आणि चारही चौकटींवर ऑइलपेंट. लग्न ठरताना सासऱ्यांनी सांगितलं होतं, चौकटी सागवानी आहेत. मग सागवान रंगाखाली कशाला? सत्तावीस वर्षं मी हेच विचारत आले. ह्यांचं उत्तर ठरलेलं.

"घर पाहायला आले तेव्हा तुझ्या बाबांनीच ठोकून पाहिलं ना?"

माझे बाबा तीस वर्षं गोंदियात लाकूड कापायच्या आरा मशीनवर होते. डोळे मिटून, बोटाने ठोकून लाकूड ओळखायचे. त्यांच्यापुढे मी काय बोलणार? पण एकदा तरी ते सागवान डोळ्यांनी पाहावं, एवढी इच्छा मात्र राहून गेली होती.

*

दर दिवाळीला हे स्वतः ब्रश घेऊन बसत. कुणी म्हणालं, "आधी जुना रंग काढा," तर म्हणत, "वरूनच मारायचा." रंगही कुणाकडचा तरी उरलेला. एका वर्षी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा निळा, पुढच्या वर्षी शाळेच्या गेटचा पिवळा.

थर इतके चढले की बैठकीचं दार चौकटीत बसेना. मी म्हटलं, आता तरी चौकट खरवडा. ह्यांनी रंधा आणला आणि दारच तासलं. इतकं तासलं, की दार लावल्यावरही बाहेरचा पाहुणा कोण ते आतून दिसायचं.

"बरं झालं," हे म्हणाले. "आता बेलची गरज नाही."

*

हे गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी गोंदियाच्या दुकानात चौकशी केली. दुकानदाराने रंग काढायच्या औषधाचा डबा पुढे केला. "भाभीजी, ये लगाओ. दस मिनट में पेंट अपने आप फूल जाएगा."

लावून दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. दवनीवाड्याहून आलेल्या माझ्या मोठ्या जाऊबाई रंग फुगला का ते पाहायला चौकटीला टेकल्या. चौकटीचा रंग जागचा हलला नाही. त्यांच्या नव्या साडीचा मात्र हातभर पट्ट्यातला रंग उडाला.

पदराकडे बघत त्या म्हणाल्या, "भाऊजी वरून हसून राहिले असतील."

*

मग जगन मिस्त्रींना निरोप धाडला. सत्तरीचे गृहस्थ. ह्यांचे जुने दोस्त, आणि अर्ध्या गावाची रंगरंगोटी त्यांच्याच हातची.

पहिल्यांदा आले आणि म्हणाले, "आज हवा दमट आहे, खरवडायची पत्ती चालत नाही." दुसऱ्यांदा बाजाराचा दिवस निघाला. तिसऱ्यांदा आले ते चौकटीवर हात ठेवून म्हणाले,

"मॅडम, कायले तरास देऊन राहिल्या त्या लाकडाले? झोपलं हाये बिचारं."

चहा पिऊन, पत्ती पिशवीतून न काढताच परत गेले.

*

शेवटी मीच पत्ती घेतली आणि मागच्या दारापाशी बसले. पिवळा निघाला, निळा निघाला, मधे एक गुलाबी निघाला, तो कुठून आला होता कोण जाणे. सगळ्यांच्या खाली हिरवा. तेवढ्यात मिस्त्री आले, पायरीवर बसले.

हिरव्याखालून लाकूड दिसलं. लालसर, काळपट. मी नाक जवळ नेलं. लहानपणी बाबांच्या सदऱ्याला सागाच्या भुशाचा वास यायचा. हा तो नव्हता.

"मिस्त्री, हे काय आहे?"

"मोहाचं लाकूड."

"आणि सागवान?"

"सागवान कधी नव्हतंच, मॅडम. तुमचे सासरे बोलून बसले होते. मंग समजलं का पोरीचा बाप आरा मशीनवाला हाये, अन् उद्याच घर पाहाले येते. मी अन् तुमच्या नवऱ्यानं सांजेपर्यंत चारही चौकटी हिरव्या केल्या."

"पण बाबांनी ठोकून पाहिलं होतं."

"पाहिलं ना. चारही ठोकल्या. रंग वलाच होता, बोटं हिरवी झाली. सगळे तुमच्या बाबाजींच्या तोंडाकडे पाहून राहिले. ते म्हनाले, 'सागवान आहे.'"

मी पत्ती खाली ठेवली.

"मंग माह्याकडून रॉकेल मागून घेतलं," मिस्त्री म्हणाले. "आंगनात बोटं पुसत नवरदेवाले जवळ बोलावलं, अन् हळूच म्हनाले, 'जावईबापू, एवढा रंग मात्र कधी उतरू देऊ नका.'"