बेडोकचं रिंगण

माझ्या नवऱ्याला गाता येत नव्हतं, स्पॅनिशचं अक्षर कळत नव्हतं, पण क्यूबातल्या एका जुन्या नाचाच्या बँडचा इतिहास त्याला तोंडपाठ होता. सिंगापूरला आमच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर जेवायला येणाऱ्याला आधी तो ऐकावा लागे, मग वरणभात. बँड आमच्या आजोबांच्या काळातला. व्हायोलिनं, बासरी, पियानो, ढोल, आणि वाळवलेल्या भोपळ्यावर काडी घासून ताल धरणारा एक गडी. बासरीवाला वारला की पुढच्याच कार्यक्रमात त्याचा शिष्य त्याच्या खुर्चीवर बसे. गायक थकला, त्याचा मुलगा उभा राहिला. आता मूळच्यांतलं कोणीही हयात नाही आणि बँड अजून लोकांना नाचवतोच आहे. "याला म्हणतात संसार!" असं म्हणून तो पापड मोडायचा. मी वैतागून ताटं वाढायला घ्यायचे.

ऐकून ऐकून आम्हीही नाचायला लागलो. पाच मराठी जोडपी, कोणी बँकेत, कोणी इंजिनिअर. दर रविवारी संध्याकाळी बेडोकला एका मैत्रिणीच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये जमायचो. हा क्यूबन नाच रिंगणात करतात. एकजण हाक देतो आणि सगळ्यांनी एकदम तीच गिरकी घ्यायची, नाहीतर जोडीदार सोडून पुढच्याचा हात धरायचा. सुरुवातीला आम्ही बायका दुसऱ्याच्या नवऱ्याचा हात गरम पातेल्यासारखा धरायचो. हाका माझा नवरा द्यायचा. नंतर हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत सगळे गुडघे चोळत बसायचे, आणि सगळे खूश असायचे.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. ऑफिसात छातीत कळ आली आणि संपलंच. आमच्या मंडळींनी काही कमी केलं नाही. डबे आणले, मुलीला शाळेतून आणलं, सगळे माझ्यापाशी बसून राहिले. नाचाचं मात्र कोणी नाव काढेना. मी आपला माझ्यापुरता अर्थ लावला. रिंगणाला जोड्या लागतात, एकट्या बाईला कुठे उभं करणार? नाचत असतील माझ्याशिवाय. रविवारी संध्याकाळी मी इस्त्री घेऊन बसायचे आणि सगळा राग कपड्यांवर काढायचे. मुलगी इथल्या ढंगात म्हणायची, "मम्मी, जस्ट आस्क देम लाह!" मी कशाला विचारू? माझं काय अडलंय? खरं तर माझंच अडलं होतं. आठवड्यातून एकदा कोणीतरी हात धरून गिरकी दिली असती, तर ते दिवस जरा बरे गेले असते.

गेल्या महिन्यात ती बेडोकची मैत्रीण कायमची नाशिकला परत निघाली. निरोप द्यायला गेले. ती मला गेटपर्यंत सोडायला आली, वाटेत तो हॉल लागला. राहवलं नाही, तिरकसपणे विचारलंच, "अजून इथेच जमता ना?"

ती थांबली. "कुठलं गं? तो गेल्यापासून एकदाही नाही. तुला सोडून आम्ही नाचायचं? शोभलं असतं का?"

"मग मला विचारायचं तरी."

"तुझ्यापुढे नाचाचं नाव कसं काढणार? तुला किती लागलं असतं!"

म्हणजे माझ्या दुःखाचा मान राखायला यांनी आपले पाय बांधून घेतले होते, आणि मी यांच्यावर चरफडत इस्त्री फिरवत होते. मला हसावं की रडावं कळेना. आता एक जोडपं दुबईला गेलंय, एकाच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, हिचं सामान खोक्यांत भरलंय. रिंगण पुन्हा होणं नाही. त्या बँडची गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली, माना डोलावल्या, पण त्यातून घ्यायचं ते कोणीच घेतलं नाही. मीसुद्धा नाही. याची हळहळ मला त्याच्या जाण्याइतकीच छळते.

"आणि जमलो असतो तरी," डोळे पुसत ती म्हणाली, "हाका कोण देणार होतं? त्याच्याशिवाय कोणाला येत होत्या?"

मला येत होत्या. तो घरी पाठ करायचा तेव्हा त्याच्या चुका मीच काढायचे.

"मी दिल्या असत्या गं," मी म्हणाले.