बोंडासुराची शिकवणी

माझे सासरे राक्षस होते.

असं बरेच जावई म्हणतात, पण सासऱ्यांच्या पाठीमागे. मी मात्र त्यांच्या तोंडावर म्हणू शकतो आणि वर ते खूश होतात! कारण एके काळी अख्ख्या वऱ्हाडात गाजलेला ‘बोंडासुर’ म्हणजे आमचे हे सासरे. अकोल्यात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका हौशी फोटोग्राफरनं लग्नसराई संपली की कॅमेरा रिकामा राहतो म्हणून हा चित्रपट काढला होता. कथा साधी होती. कपाशीवर इतकी फवारणी होते की एक बोंडअळी मरायची सोडून बैलगाडीएवढी होते आणि गावात काटा मारणाऱ्या व्यापाऱ्यांना एकेक करून गिळते. लोकांना ही अळी इतकी आवडली की पुढे ‘बोंडासुराचा बदला’ आला, ‘बोंडासुर परत आला’ आला आणि शेवटी ‘बोंडासुराची सोयरीक’सुद्धा आला. जत्रेत पडदा लावून हे चित्रपट दाखवत, नंतर त्यांच्या सीड्या निघाल्या.

राक्षस म्हणजे दोन गुलाबी गाद्यांची खोळ आणि डोळ्यांच्या जागी स्टीलच्या वाट्या. मागच्या अर्ध्या भागात सासऱ्यांचा एक चुलतभाऊ असे. (एका दृश्यात दोघांचं बिनसलं आणि राक्षस मधोमध उसवला. तेही चित्रपटात तसंच ठेवलंय.) पण खरा राक्षस होता तो आवाज. सासऱ्यांचा भाजीचा मळा. उभी हयात भाजीबाजारात “वांगे घ्या वो वांगे!” म्हणून ओरडण्यात गेली. त्यांनी इकडच्या टोकाला हाळी दिली की तिकडच्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघायचं. त्या आवाजात बोंडासुर गरजायचा, “कावून बे, कुठी पयून राहिला? मले भूक लागून राहिली न!” आणि अचलपूरपासून बाळापूरपर्यंतची पोरं आयांच्या पदरामागे लपायची.

माझ्या लग्नाच्या बोलण्यांत आईनं मध्यस्थाला विचारलं होतं, “पोरीचे वडील काय करतात?”

“मळा हाये. अन् मोकळ्या वेळात राक्षस असतात,” मध्यस्थ म्हणाला.

आईनं तिथल्या तिथे होकार दिला. घरात तिलाही ‘बोंडासुर’चं वेड होतं.

मी स्वतः अमरावतीला शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो. मूळचा अचलपूरकडचा, पण बी.एड.ला पुण्यात असताना “मले” म्हटल्यावर वर्ग हसला, त्या दिवशी मी वऱ्हाडीला जी सोडचिठ्ठी दिली ती दिलीच. तेव्हापासून मी झोपेतसुद्धा शुद्ध बोलतो, असं माझं मत. (बायकोचं मत वेगळं आहे, पण ती ते वऱ्हाडीत मांडते म्हणून मी धरत नाही.)

तर मागच्या वर्षी मुंबईहून फोन आला. ‘बोंडासुर’ची टीव्हीवर मालिका काढायची आहे म्हणे! फोन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “राक्षस आता कॉम्प्युटरवर करू, पण आवाज आम्हाला तोच हवाय. आम्ही अकोल्याला येऊन ऐकतो. फक्त एक आहे सर, भाषा अस्सल हवी हं. सगळं भाषेवर आहे.”

भाषा अस्सल हवी! मराठीच्या मास्तराला फोनवर कोणी असं सांगितलं तर तो काय समजेल? मला वाटलं, इतक्या वर्षांनी महाराष्ट्रात कोणाला तरी ण आणि ळ यांची किंमत कळली. मी छाती फुगवून सांगितलं, “मॅडम, भाषेची जबाबदारी माझी.” ते वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

अकोल्याला जाऊन सासऱ्यांना बातमी सांगितली. सासूबाई गेल्यापासून ते गप्प गप्प असायचे. मळा दुसऱ्याकडे दिला होता, बाजार सुटला होता. एवढा मोठा आवाज, पण तो ऐकायला घरात माणूस नव्हतं. बातमी ऐकल्यावर ते उठले, तोंड धुतलं, सासूबाईंच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाले, “एक डाव टीव्हीवर गरजून घेतो जवाईबापू. मंग देव नेते तं नेवो.”

“गरजायचंच आहे मामाजी,” मी म्हणालो, “पण शुद्ध.”

“म्हंजे?”

“‘का रे’च्या जागी ‘कावून बे’ चालणार नाही. मुंबईचे लोक आहेत.”

दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर त्याला त्यांनी बोंडासुरासारखं गिळलं असतं. पण आमच्याकडे जावयाचं मन मोडत नाहीत. जावयानं सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं तरी सासरा खाट तिकडे वळवून घेतो. “तुमी म्हनान तसं,” ते म्हणाले.

झालं! दर रविवारी सकाळची बस पकडून अमरावतीहून अकोल्याला शिकवणीला जायला लागलो. पहिला धडा ‘ळ’चा.

“म्हणा मामाजी, काळ्या मातीत पिवळा गोळा.”

“काया मातीत पिवया गोया.”

“जीभ टाळूला लावा. गोळा!”

“जीभ लावली तं कवयी निंगते न जवाईबापू!”

“निघू द्या!”

कवळी निघाली. ती धुऊन परत बसवली आणि म्हाताऱ्यानं पुन्हा सुरुवात केली. दोन दिवसांत जिभेला फोड आला, पण तक्रार नाही. मी नसतानाही ते अंगणात फेऱ्या मारत “काळा, पिवळा, गोळा” म्हणत. शेजारच्या काकूंनी माझ्या बायकोला फोन केला, “बाई, तुया बाप भैताडला का वं?”

बायको माझ्यावर उखडली. “अवो, बाबाले बिघडवून राहिले तुमी! थो बोंडासुर हाये का संस्कृतचा पंडित?”

“अस्सल भाषा हवी म्हणाल्यात त्या,” मी म्हणालो.

“मंग अस्सलच होती न!”

हे तिनं इतकं सरळ सांगितलं होतं. पण सांगितलं वऱ्हाडीत!

सासऱ्यांची प्रगती मात्र विलक्षण होती. एक दिवस ते भाजीबाजारात गेले आणि ज्या बाईशेजारी बसून आयुष्यभर वांगी विकली, तिलाच म्हणाले, “बाई, ही वांगी आपण कशी दिलीत?” ती घाबरून उभी राहिली आणि पुण्याचे पाहुणे समजून तिनं दुप्पट भाव सांगितला. दारात एक कुत्रं येऊन बसायचं, ते सासऱ्यांच्या एका “हड बे!”सरशी गल्ली ओलांडायचं. त्याला आता ते म्हणायला लागले, “चल, दूर हो पाहू.” कुत्र्यानं शेपटी हलवली आणि आणखी जवळ सरकलं. राक्षसाला कुत्रंसुद्धा भीत नाही, ही खूण एखाद्या शहाण्या माणसानं ओळखली असती. मी त्यांना दहापैकी नऊ गुण दिले.

परीक्षेचा दिवस आला. मॅडम आल्या आणि त्यांच्याबरोबर डोक्यावर अंबाडा बांधलेला एक तरुण दिग्दर्शक आला. घरात रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा बेत होता. अंगणात अर्धी गल्ली जमली होती, उरलेली गच्चीवर होती. दिग्दर्शक सासऱ्यांच्या पाया पडला. “आजोबा, मी लहानपणी मामाच्या गावी तुमची सीडी बघून अंथरूण ओलं केलंय हो!” म्हणाला. सासऱ्यांचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. त्यांनी इस्त्रीचं धोतर सावरलं, माझ्याकडे एकदा पाहिलं (मी मान डोलावली) आणि श्वास भरून गरजले,

“थांब मानवा! कुठे पळतो आहेस? मला भूक लागलेली आहे!”

गच्चीवरून कोणीतरी म्हणालं, “बुढा बँकेत लागला काय बे?” आणि हशा पिकला.

दिग्दर्शक गोंधळला. “आजोबा, सुंदर! आता ते जुन्यासारखं म्हणा ना.”

सासऱ्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ‘भूक’ जरा कमी पडली. मी मॅडमच्या मागे उभा राहून हातवारे केले, आणखी स्पष्ट, आणखी स्पष्ट! माझ्या सासऱ्यांनी जावयाचं ऐकलं.

“कृपया थांब, मानवा! कुठे पळतो आहेस? मला तीव्र भूक लागलेली आहे!”

राक्षस ‘कृपया’ म्हणाला! आणि ळ इतका स्वच्छ होता की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मॅडम माझ्या कानाशी येऊन विचारत होत्या, “सर, खरे बोंडासुर कुठे आहेत? हे तर कोणी दुसरेच दिसतात. आम्ही एवढ्या लांब त्या अस्सल वऱ्हाडीसाठी आलो हो.”

अस्सल वऱ्हाडी! मी धावत सासऱ्यांपाशी गेलो. “मामाजी, सोडा ते शुद्ध! तुमचं म्हणा! कावून बे म्हणा!”

त्यांनी तोंड उघडलं. “कावून... का बे... कुठी पयून... पळतो राहिला... आहेस...” ते थांबले. पुन्हा श्वास घेतला. “मले भूक... लागून... लागलेली...” कपाळावर घाम आला. इतकी वर्षं जो डायलॉग आपसूक यायचा, तो जिभेवरच्या माझ्या व्याकरणात अडकून पडला होता. गच्चीवरचं हसणंही थांबलं. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही, त्या पुण्याच्या वर्गातही नाही.

मॅडमनी हळूच पर्स उचलली. “कळवतो आम्ही.” गाडी सुरू झाली तेव्हा मला कंठ फुटला. मी चपला न घालताच तिच्यामागे धावलो. “अवो थांबा न बापा! कुठी पयून राहिले? म्हाताऱ्याचं अजून एक डाव आयकून तं घ्या! मायी चूक हाये, त्यायची नाही!” गाडीच्या खिडकीतून अंबाडा बाहेर आला, माझ्याकडे बघत राहिला आणि कोपऱ्यावर दिसेनासा झाला.

परत आलो तर सासरे ओसरीवर बसले होते. तेच म्हणाले, “जेवून घ्या जवाईबापू. रोडगे थंडे होऊन राहिले.” गाडी वळली आणि त्यांची भाषा परत आली होती. मी तसाच बसलो आणि जेवलो. त्या दिवशीच्या वांग्याची चव आठवत नाही.

पुढे मुंबईच्या एका नटाला तो आवाज द्यायचं काम मिळालं. मी दिग्दर्शकाला फोन केले, सासऱ्यांसाठी विनवण्या केल्या. तो चांगला मुलगा होता, पण करार झाले होते. शेवटी म्हणाला, “सर, आजोबांचं जमलं नाही याचं मलाही वाईट वाटतं. पण त्या दिवसावरून मी पहिल्या भागात एक प्रसंग लिहिलाय. बोंडासुराचं व्याकरण सुधारणारा एक मास्तर आहे आणि राक्षस त्याला गिळतो. तुम्ही कराल?”

मी सासऱ्यांना विचारलं. “करा,” ते एवढंच म्हणाले.

मी केलं. समोर हिरवा पडदा होता. राक्षस नंतर कॉम्प्युटरमध्ये येणार होता. मी बोट उगारून म्हणायचं होतं, “‘पयून राहिला’ नव्हे, ‘पळतो आहेस’ म्हणावं!” ते उत्तम झालं. मग कोणीतरी दोरी ओढली, माझे पाय जमिनीवरून सुटले आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, “अरे बापा, मले खाऊन राहिला न हा!” संहितेत हे नव्हतं. दिग्दर्शकानं ते ठेवून दिलं.

पहिला भाग आम्ही अकोल्याला बघितला, सासऱ्यांच्या घरी. गल्ली पुन्हा जमली. मुंबईचा नट गरजला, “कावून बे, कुठे पळून राहिलास?” सासरे पुटपुटले, “‘पळून राहिलास’ नाही रे बाबू, ‘पयून राहिला’.” त्या खुर्चीत बसून दुसऱ्याचा आवाज ऐकायची वेळ त्यांच्यावर मी आणली होती. मग पडद्यावर मी आलो, बोट उगारलं, गिळला गेलो आणि किंचाळलो. गल्लीनं टाळ्या पिटल्या. माझी बायको उभी राहून पिटत होती.

सासरे माझ्याकडे वळले. त्या दिवसापासून त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नव्हता. आता त्यांनी बोट उगारलं, जीभ नीट टाळूला लावली आणि म्हणाले, “जावईबापू, सगळं चुकलं तुमचं. ‘मले खाऊन राहिला’ नव्हे. ‘मला खात आहे’ असं म्हणावं. काळजी घ्या.”

आणि मग ते हसले. तोच आवाज, त्या जुन्या सीडीतला! बाहेरचं कुत्रं उठून गल्लीपार पळालं. बायकोनं डोळ्यांना पदर लावला. अख्खी मुंबई ज्या आवाजासाठी अकोल्याला आली होती तो या हसण्यात होता, आणि आता तो ऐकायला आम्हीच होतो.

त्यांचा ‘ळ’ मात्र निर्दोष होता. तीस वर्षांची नोकरी आणि ही एक शिकवणी मिळून माझं शिकवणं एकाच विद्यार्थ्याला पक्कं लागलं, आणि नेमका तोच राक्षस होता!