जावयाचा तंबू

आमचे जावई देवमन यांना मी अहो-जाहो करायचो ते फक्त तोंडावर. पाठीमागे आमच्या घरात त्यांचं नाव 'हिमालय' होतं. हा माणूस अमरावतीत स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासमध्ये भूगोल शिकवायचा. फळ्यावर एव्हरेस्टची उंची लिहिताना त्याचा गळा असा दाटून यायचा की पोरांना वाटावं, सर कालच खाली उतरले. प्रत्यक्षात तो जन्मात एकदाच चिखलदऱ्याला गेला होता, कुणाच्या तरी वरातीत, आणि घाटातच खिडकीबाहेर तोंड काढून ओकला होता. मी मागच्याच सीटवर होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

माझी धाकटी बहीण पंचफुला त्याला दिली, त्याला तेरा वर्षं झाली होती. त्यानं हुंडा घेतला नाही, हे खरं. पण न घेतलेल्या हुंड्याचं व्याज तो तेरा वर्षं बोलण्यातून वसूल करत होता. चारचौघांत, जेवताना, मयतीला गेला तरी तिथेही, "मी एक पैसा घेतला नाही" हे यायचंच. आमच्या वडिलांनी मान खाली घालून ऐकायचं, अशी पद्धत पडली होती.

पंचफुलाची हौस एकच. पायी लांब जावं आणि नरनाळ्याचा किल्ला पाहावा. सातवीत असताना शाळेची सहल तिकडे गेली, तेव्हा कापूसवेचणीचे दिवस होते आणि वडिलांनी तिला घरी ठेवून घेतलं. लग्न झाल्यावर दर दिवाळीला नवरा म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." हिनं कॅनव्हासचे बूट घेऊन ठेवले होते. मुलगी नवोदयच्या होस्टेलला गेल्यापासून ती ते बूट घालून संध्याकाळी कॉलनीला फेऱ्या मारायची, आणि देवमन गॅलरीतून चालण्याची शास्त्रशुद्ध पद्धत सांगायचा.

२००७ साली जेठात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. लेक-जावयाला लक्ष्मीनारायण समजून जोडीनं पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि जाळीदार वाण द्यायचं. अनारसे, बत्तासे, आणि ऐपतीप्रमाणे आणखी काही. त्या वर्षांत आमच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात ऐपत हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं. कापसानं सगळ्यांनाच तोंडघशी पाडलं होतं. पण आमचे वडील नत्थुजी जुन्या वळणाचे. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "जवाईबापू, वाणात काय पायजे?"

"मला काही नको, मामाजी," देवमन म्हणाला. काही नको म्हटल्यावर तो नेहमी काहीतरी मागायचा. "फक्त एक तंबू. एक किंवा दोन माणसांचा. वजनाला हलका."

"तंबू?" आमची आई पार्बताबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कायले? सर्कस काढता का बाप्पा?"

मग त्यानं योजना सांगितली. त्या दिवसांत आमच्या भागात पिकांचा दुष्काळ आणि पाहुण्यांचा सुकाळ होता. कुणी गाडी घेऊन येई, कुणी कॅमेरा, कुणी आत्महत्यांची प्रश्नावली. पायी यात्रा तर इतक्या निघत की एका यात्रेचे लोक दुसरीचे कार्यकर्ते समजून चहा मागत. आमचा हिमालय मागे कसा राहील? त्यानं ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत भातकुली, दर्यापूर, अकोट असं चालत नरनाळ्याला जायचं आणि वाटेतल्या गावांत शेतकऱ्यांच्या मुलांना आत्मविश्वासावर व्याख्यान द्यायचं. कुणाच्या घरावर भार टाकायचा नाही, मुक्काम स्वतःच्या तंबूत करायचा.

"माणूस गावात येते अन् कोनाच्या घरी झोपत नाई?" वडिलांना हेच कळेना. आमच्याकडे पाहुणा आला की अंगणात बाज पडते, मग घरात दाणा असो नसो. आईनं मात्र आपल्यापुरता निकाल लावला. "तंबूले जाळी असते ना? मंग चालते. वाण जाळीदारच पायजे."

पंचफुला दाराशी उभी होती. एक किंवा दोन, एवढंच तिनं ऐकलं होतं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्यासाठी भीती वाटली.

पुढचे पंधरा दिवस देवमननं तंबू निवडण्यात घालवले. लोक मुलीसाठी स्थळ पाहायलाही एवढ्या चौकशा करत नाहीत. रोज सायबर कॅफेत बसून चित्रं छापून आणायची आणि आम्हाला शिकवायचं. एका थराचा की दोन थरांचा, दार कुठल्या बाजूला, कापडातून पाणी किती वेळानं झिरपतं. घरी वजनकाटा आणला. टूथब्रशची मूठ कापली, कंगवा अर्धा मोडला, साबणाची कापटी केली. "ग्रॅमाग्रॅमाचा हिशोब असतो पहाडात," तो सांगायचा, आणि असं वाचवलेलं वजन संध्याकाळी राजकमल चौकात दह्यात बुडवलेल्या गिल्या वड्याच्या दोन प्लेटी खाऊन भरून काढायचा.

अमरावतीत असला तंबू मिळत नव्हता. वडिलांच्या ओळखीचे इनायतुल्ला ताडपत्र्या विकायचे. त्यांचे नातेवाईक मुंबईला असल्या मालाच्या धंद्यात होते. त्यांनी नमुन्याला दोन तंबू मागवले, एक एकट्याचा आणि एक दोघांचा. आम्ही तिघं पुरुष आणि पंचफुला दुकानात गेलो. देवमननं दोन्ही काट्यावर ठेवले आणि क्षणाचाही विचार न करता एकट्याच्या तंबूवर हात ठेवला.

"हाच. चारशे ग्रॅम कमी आहे."

 पंचफुला दोघांच्या तंबूचं कापड बोटांनी चाचपत होती, तिनं हात काढून घेतला. चारशे ग्रॅम! बाजारातून येताना आपण तेवढे कांदे पिशवीत जास्तीचे टाकतो. त्या दिवशी त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला, आणि अजूनही वाटते.

इनायतुल्लांनी एकट्याचा तंबू जमिनीवर पसरला, बाजूनं एक चक्कर मारली आणि वडिलांना म्हणाले, "नत्थूभाऊ, इत्ते में तो आदमी को आखरी बारच सुलाते."

वडील हसले नाहीत. म्हणाले, "एकट्याचं वाण नसते, जवाईबापू. पाटावर दोघं बसतीन, तं तंबूतबी दोघं मावले पायजे. मी देईन तं दोघाइचा, नाई तं अनारसे घ्या."

अनारशांवर भागवायची त्याची तयारी नव्हती. तो पुष्कळ वेळ काट्याकडे बघत बसला आणि मग त्याला तोड सुचली. शिकलेल्या माणसाला तोड सुचतेच. तंबू दोघांचा घ्यायचा, बायकोला बरोबर न्यायचं आणि तंबू तिच्या पाठीवर द्यायचा. त्याच्या पाठीवरचं ओझं एकट्याच्या तंबूहूनही कमी झालं. हा हिशोब त्यानं तिच्यादेखतच आम्हाला मोठ्या आनंदानं समजावून सांगितला. पंचफुलानं तेवढ्याच आनंदानं मान डोलावली. तिला नरनाळा दिसत होता, मला तिचे खांदे दिसत होते.

दिवाळी झाल्यावर दोघं निघाले. पहिला मुक्काम भातकुलीच्या पुढच्या एका गावात पडला. सरपंचांनी घरी बोलावलं, बाज टाकतो म्हणाले. देवमननं हात जोडून नकार दिला आणि शाळेमागच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकवला. ठोकला पंचफुलानं, तो माहितीपत्रक वाचत होता. नंतर त्यानं तंबूवर कागद चिकटवला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'आत्मविश्वास' असं लिहिलं होतं.

आता गावाबाहेर कापडाचं लहानसं पाल ठोकून, कागद लावून बसणारा माणूस आमच्याकडे एकाच प्रकारचा असतो, जडीबुटीवाला. अर्ध्या तासात माणसं जमली. देवमनला वाटलं, श्रोते आले. तो उभा राहून बोलू लागला की खरी उंची पहाडाची नसते, मनाची असते. एक म्हातारी पुढे येऊन बसली आणि तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलं.

"ते राहू द्या जी. गुडघ्याले काय हाये तुमच्याजवळ?"

"आजी, मी औषधवाला नाही. मी प्रेरणा देतो."

"मंग तेच द्या. लावाची का पोटात घ्याची?"

शेवटी पंचफुलानंच चुलीवर वीट तापवून, फडक्यात गुंडाळून म्हातारीचा गुडघा शेकला. लोक तिच्याशी बोलत बसले, आणि देवमन तंबूत जाऊन दाराची चेन ओढून पडला.

दुसऱ्या दिवशी पूर्णा नदीच्या अलीकडेच मोहीम आटोपली. महागड्या बुटांनी त्याच्या टाचा सोलल्या होत्या. फाट्यावर तो दगडावर बसला आणि अमरावतीकडे जाणारी एसटी दिसताच त्यानं हात केला.

"चल," तो म्हणाला. "यात्रेचा हेतू साध्य झाला."

"माहा नाई झाला," पंचफुला म्हणाली.

कंडक्टर ओरडला, "बसता का नाई बावा?" देवमन पायरीवर चढला, मागे वळला. बायको काही हलत नव्हती. "तंबू तरी दे इकडे!"

"एसटीत कायले लागते तंबू?" एवढं बोलून ती पुलाकडे चालू लागली. तंबू तिच्याच पाठीवर होता. ती सोयही त्याचीच.

दोन दिवसांनी तो आमच्या घरी आला. जावयाच्या नेहमीच्या जागी बसला, पाय धुवायला गरम पाणी मागितलं आणि सांगायला सुरुवात केली की तुमची मुलगी तंबू घेऊन गेली, इम्पोर्टेड कापड आहे, काट्याकुट्यात फाटेल. आई रडायला लागली. वडिलांनी फक्त विचारलं, "फुला कुठी हाये?" त्याला माहीत नव्हतं. वडील तेरा वर्षांत पहिल्यांदा बापू न म्हणता बोलले. "देवमन, पानी प्या अन् उठा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा अकोटहून फोन आला की मी बरी आहे, शहानूरला चालली आहे. शहानूर म्हणजे नरनाळ्याच्या पायथ्याचं गाव. त्याच्या पुढच्या दिवशी पहाटे मी मोटारसायकल काढली. निघताना देवमनचाही निरोप आला, "तंबूच्या सगळ्या काठ्या मोजून आणा."

मी पोचलो तेव्हा ती एका घराच्या अंगणात, तंबूसमोर बसून त्या घरच्या बाईबरोबर तुरीच्या शेंगा सोलत होती. वाटेत दर्यापूरच्या पुढे एका घरात आणि अकोटला मैत्रिणीकडे राहिली होती. किल्ला सकाळीच चढून उतरली होती. उन्हानं तोंड काळवंडलं होतं, खांद्यांवर पट्ट्यांचे वळ होते. मला पाहून ती उठली नाही.

"त्यायनं पाठोलं ना तुले?" तिनं विचारलं. "मले न्यायले का तंबू न्यायले?"

  बाईनं मला पाणी दिलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, इथे परक्या गावात, एकटीला, त्या तंबूत झोप लागली का?

"आधी नाई लागली," ती म्हणाली. "सवयीनं एका कडंले पडून होती, अंग चोरून. मंग सरकली मधात. तेरा वर्षांत पहिल्यांदा मधात झोपली, दादा."