‘फिट’पुढची खूण

बजाजनगरचे सहा कामगार हिमालयात ट्रेकला निघाले आहेत. मी फौजेतला निवृत्त हवालदार, म्हणून पडेगावला माझ्या घरी येऊन त्यांनी सामानाची यादी मागितली. दिली. पायात रुळलेले बूट, लोकरी मोज्यांचे तीन जोड, टॉर्च, औषधं, उंचीवर पोचल्यावर एक दिवस नुसता मुक्काम. पण यादी पाळूनही माणूस जातो. तो कसा, ते लिहितो.

लडाखमध्ये आमची पोस्ट सोळा हजार फुटांवर होती. गस्तीआधीची तपासणी माझ्याकडे. सामान पाहायचं, तब्येत विचारायची, नावासमोर ‘फिट’पुढे खूण करायची. डोकं दुखतंय म्हणणारा पोस्टवरच राहायचा. अशाला आमच्या तुकडीत आठवडाभर ‘नवरदेव’ म्हणत. बाकीचे राबतात, हा बसून खातो. हे नाव मीच पाडलं होतं.

त्या दिवशी ०५३० वाजता नाईक मिलिंद साळवे समोर आला. खुलताबादचा, माझ्याच जिल्ह्याचा. सामान चोख.

“उस्ताद, डोकं लई ठणकतंय.”

“नवरदेव व्हायचंय का?”

तो हसला. “नाय. येतो की.”

मी खूण केली.

०९४० वाजता चढावर तो मागे पडला. पाय वाकडे पडत होते. नाव विचारलं, तर त्याला स्वतःचं नाव आठवेना. उंचीमुळे मेंदूला सूज आली होती. औषध दिलं, ऑक्सिजन लावला, रेडिओ घेतला.

“एक जवान गंभीर. हेलिकॉप्टर हवं. ओव्हर.”

“ढग आहेत. हेलिकॉप्टर येणार नाही. पायी उतरवा. ओव्हर.”

चौघांनी स्ट्रेचरवर घेतला. ११२५ वाजता त्याचा श्वास थांबला. तिथंच अर्धा तास छाती दाबली. उपयोग झाला नाही.

ट्रेकवाल्यांनी एवढं करावं. रोज सकाळी निघण्याआधी प्रत्येकाला बाजूला घेऊन तब्येत विचारावी. दुखतंय म्हणाला, तर त्याला वर नेऊ नये. आणि त्याची थट्टा करू नये.

पुढच्या सुट्टीत मी खुलताबादला गेलो. मिलिंदच्या आईनं चहा दिला. मी कप खाली ठेवल्यावर तिनं विचारलं, “दुखतंय म्हणून कुणाला बोलला व्हता का?”

“व्हय. मला.”

तिनं रिकामा कप उचलला.

“लहानपणापासून दुखलंखुपलं कधी सांगायचा नाय,” ती म्हणाली. “मलाबी नाय. तुमाला सांगितलं त्यानं.”