दुआंखालची बारीक अक्षरं

माझं कोल्हापुरात बाइंडिंगचं दुकान. मी तापट, पुस्तकाची पानं दुमडणाऱ्याला तोंडावर झापतो. त्या गुरुवारी एक म्हातारे जर्मन प्राध्यापक अरबी शब्दकोश शिवायला घेऊन आले. पुठ्ठा निखळलेला, पण एकही पान दुमडलेलं नाही. माणूस तिथंच आवडला.

मी शिवत होतो, ते मोडक्या हिंदीत सांगत होते. तेराव्या वर्षी गावच्या पाद्र्याकडं हिब्रू शिकले, मग अरबी, मग सिरियाक. जुन्या धर्मग्रंथांच्या कडेला कुणी काय खरडलंय, ते वाचण्यात सगळा जन्म गेला. मी म्हटलं, "थांबा, तुम्हाला एक दाखवतो."

आजोबांच्या हातची दुआंची वही. अम्मीनं ती पिशवीत बांधलेली, दुसऱ्या दिवशी पंचगंगेत ठंडी करायला. आमच्यात झिजलेली पाक पानं रद्दीत घालत नाहीत, मानानं पाण्यात सोडतात. दुआ आम्हाला वाचता यायच्या. त्यांच्या खालची बारीक अक्षरं, जेर-जबरच्या स्वरखुणा नसलेली, कधी लागलीच नव्हती. तीही अरबीच असणार, असं आम्ही धरून चाललेलो.

प्राध्यापकांनी भिंग लावलं. "अक्षरं अरबी, पण भाषा अरबी नाही," म्हणाले, आणि अडखळत मोठ्यानं वाचू लागले. अर्थ त्यांना काडीचा कळत नव्हता. माझ्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. अहो, मराठी होतं ते! आजोबांना लिहायला अरबी ही एकच लिपी येत होती.

वही, भिंग आणि प्राध्यापक, सगळं घेऊन मी माडीवर घरी, अम्मीकडं पळालो. अम्मी भडकली. "बांधलेली पिशवी सोडलीस व्हय? उद्या द्यायची हाय ती." सासऱ्याचं नाव निघालं की ती अशीच. वीस वर्षं त्यांचं केलं, एक बरा शब्द कधी मिळाला नाही, हे तिच्या मनात ठाण मांडून बसलेलं.

ते वाचत गेले, मी नीट जुळवून सांगितलं. "सुनेला तीन दिस ताप हाय. आज भाकरी मीच थापली. शेजारणीनं दिली म्हणून सांगितलं. या अल्ला, पोरीला बरं कर."

अम्मी समोर येऊन बसली. "ती भाकरी करपली हुती," म्हणाली आणि रडायला लागली. मग प्राध्यापकांकडं बघून, "ती सून म्हंजे मीच की."

मी हिंदीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. इतकी वर्षं वाचतोय, म्हणाले, पण समोर बसून 'ती मीच' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

अम्मीनं पदरानं डोळे पुसले.

"पावणं, पुढचं पान वाचा."